जिंकल्यानंतरचा खेळ

पुण्याच्या पूना क्लब मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये रणजी करंडक स्पर्धेतील एक सामना झाला. महाराष्ट्राविरुद्ध काठेवाड असा तो सामना होता. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली. ती संपण्याचे नाव घेईना. तिसऱ्या क्रमांकावर आलेले कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर २०५ धावा करून परतले. निंबाळकर मात्र खेळतच राहिले. संघाच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, तेव्हा ते ४४३ धावांवर नाबाद होते. डोनाल्ड ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये सिडनीत केलेल्या नाबाद ४५२ धावा हा त्या वेळचा जागतिक विक्रम होता. तो गाठण्यास नऊ आणि मोडण्यास दहा धावा हव्या होत्या.

खेळाच्या मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी महाराष्ट्राने आता डाव घोषित करावा, अशी मागणी केली. थोडा अवधी द्यावा, विक्रम होऊ द्यावा, अशी विनंती महाराष्ट्राच्या बाजूने झाली. ती मान्य झाली नाही. काठेवाडने सामना सोडून दिला आणि तो संघ मैदानावरून निघून गेला. निंबाळकरांच्या नावापुढे ४४३ हा आकडा कायमचा राहिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. एवढे करूनही त्यांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, वयाची त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास अवघा एक दिवस उरला असताना, त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात ही हकिगत सांगितली जाते, तेव्हा श्रोत्यांची सहानुभूती साहजिकच निंबाळकरांकडे जाते. दोन षटके थांबायला काय हरकत होती, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. हरणाऱ्यानेही अखेरपर्यंत मैदानावर उभे राहावे, हा खेळाचा धर्मच आहे. तथापि काठेवाडच्या अकरा जणांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहिले, तर दुसरा प्रश्नही दिसू लागतो. प्रतिपक्षाची आघाडी ५८८ धावांची झालेली, निकालाविषयी कोणाच्याही मनात शंका उरलेली नाही आणि तरीही सीमारेषेकडे धावून चेंडू आणून द्यायचा. सामना केव्हाच संपला होता. चालू होता तो केवळ आकडा. त्या आकड्याशी काठेवाडच्या खेळाडूंचा संबंध एवढाच होता, की तो त्यांच्या श्रमांतून वाढत होता. सामना सोडून जाणे चुकीचे होते, हे मान्य केले, तरी जिंकल्यानंतर किती काळ खेळावे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

हाच प्रश्न बेसबॉल या खेळात, विशेषतः लहान मुलांच्या सामन्यांत, वेगळ्या रूपाने विचारला जातो. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असल्यामुळे मराठवाड्यातील शाळांनाही ते आता परके राहिलेले नाहीत. या खेळात ‘बंट’ नावाचा एक फटका आहे. फलंदाज बॅट फिरवत नाही. ती आडवी धरून चेंडूला केवळ अडवतो. चेंडू चार पावलांवर मरून पडतो. तो उचलून पहिल्या बेसकडे फेकेपर्यंत फलंदाज तेथे पोहोचलेला असतो. नियमाने हा फटका पूर्णपणे वैध आहे आणि अटीतटीच्या सामन्यात तो चातुर्याचा नमुना मानला जातो. परंतु एखादा संघ बारा-पंधरा धावांनी पुढे असताना, अखेरच्या डावात त्याच्या खेळाडूने बंट केला, तर प्रतिपक्ष दुखावतो. ‘आघाडी मोठी असताना बंट करू नये, बेस चोरू नये’ असा त्या खेळातील अलिखित संकेत आहे.

संकेतामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. बंट अडवण्यासाठी तीन-चार खेळाडूंनी एकाच क्षणी एकमेकांना ओळखून हालचाल करावी लागते. नवशिक्या मुलांना नेमके तेच जमत नाही. कोणी चेंडूकडे धावतच नाही, दोघे धावले तर एकमेकांवर आदळतात, घाईने फेकलेला चेंडू भलतीकडेच जातो आणि पुढच्या संघाला आणखी धावा मिळतात. म्हणजे आधीच हरलेल्या संघाचे सर्वांत दुबळे अंग शोधून तेथेच बोट ठेवायचे, असा त्याचा अर्थ होतो. समोरच्या मुलाची त्रेधातिरपीट प्रेक्षकांसमोर मांडली जाते आणि त्यातून विजेत्याला नव्याने काहीच मिळत नाही. विजय तर त्याच्या पदरात आधीच पडलेला असतो.

दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिक आहे. पुढे असलेल्या संघातही एखादा मुलगा असा असतो, की वर्षभर तो राखीव बाकावर बसलेला असतो. सामना एकतर्फी झाला म्हणूनच त्याला प्रथम संधी मिळते. त्याला जोरकस फटका मारता येत नाही. बंट तेवढा जमतो. त्याला ‘तू आज तुझे येणारे काम करू नकोस’ असे सांगायचे काय? शिवाय हरणाऱ्या मुलांना दया हवी असते, असे थोडेच आहे? समोरचा मुद्दाम चुकतो आहे, मुद्दाम हळू धावतो आहे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. पराभवाचे दुःख एका रात्रीत ओसरते. आपली कीव केली गेली, हे शल्य अधिक काळ टिकते.

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग क्रिकेटच्याच इतिहासात सापडतो. डाव घोषित करण्याची मुभा क्रिकेटच्या नियमांत प्रथम १८८९ मध्ये आली आणि तीही मर्यादित स्वरूपात. त्यापूर्वी पुरेशा धावा झालेल्या संघाला आपला डाव संपवावयाचा असेल, तर फलंदाजांना मुद्दाम बाद व्हावे लागे. यष्टी सोडून उभे राहायचे, हास्यास्पद फटके मारायचे, असा तो प्रकार असे. नियम बदलला आणि हे नाटक संपले. ‘आम्हांला पुरे झाले’ असे कर्णधार उघडपणे सांगू लागला. खेळ सोडून देणे आणि खोटे खेळणे या दोहोंहून वेगळा असा तिसरा, सन्मानाचा मार्ग त्यातून निर्माण झाला. बेसबॉलनेही तेच केले. जागतिक स्पर्धांतील नऊ डावांच्या सामन्यात सात डावांनंतर दहा धावांची आघाडी असेल, तर सामना तेथेच थांबवतात. मुलांच्या स्पर्धांत तर तो याहून लवकर थांबवण्याची तरतूद असते. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या लातूर जिल्ह्याला कुस्तीचे वेगळे सांगावयास नको. आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली, की पंच कुस्ती थांबवतात आणि विजेत्याचा हात उंचावतात. ‘पुरे’ म्हणण्याची जबाबदारी जेथे नियमाने घेतली आहे, तेथे कोणाला निघून जावे लागत नाही आणि कोणाला सोंगही आणावे लागत नाही.

जेथे नियम नाही, तेथे ती जबाबदारी वडीलधाऱ्यांवर येते. ती न घेतल्यास काय घडते, हे कल्याणने जानेवारी २०१६ मध्ये पाहिले. भंडारी चषक या आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाचा नाबाद ६२८ धावांचा १८९९ पासूनचा विक्रम त्याने मोडला. साऱ्या जगाने त्याचे कौतुक केले आणि दोन दिवस ती एकाग्रता टिकवणाऱ्या मुलाचा तो हक्कच होता. परंतु त्याच धावफलकाची दुसरी बाजू फार थोड्यांनी वाचली. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांत संपला होता. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. दुसऱ्या डावात आर्य गुरुकुलने ५२ धावा केल्या. एक डाव आणि १३८२ धावांनी सामना संपला. आर्य गुरुकुलची मोठी, सरावातील मुले दहावीच्या परीक्षेमुळे उपलब्ध नव्हती. मैदानावर उतरलेल्यांत दहा-बारा वर्षांची मुले होती.

३१ धावांना उत्तर म्हणून किती धावा पुरेशा होत्या? तीनशे? पाचशे? हा प्रश्न त्या मुलाने स्वतःला विचारावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने धावा कराव्यात, हेच योग्य. प्रश्न होता तो सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या, हिशेब येणाऱ्या प्रौढांचा. विक्रमाचा भार पुढे त्या मुलालाच वाहावा लागला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. धावा होईनात, तेव्हा २०१७ मध्ये ही शिष्यवृत्ती आता थांबवावी, असे त्याच्या वडिलांनी स्वतःहून असोसिएशनला कळवले. एका रिक्षाचालकाच्या घराने हातचे उत्पन्न असे सोडून द्यावे, यातील सचोटी त्या चार आकडी धावसंख्येहून कमी मोलाची नाही.

याच्या उलट उदाहरणही मुंबईचेच आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. संघाची धावसंख्या २ बाद ७४८ झाली. डाव घोषित करा, असा निरोप प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी केव्हाच पाठवला होता. सीमारेषेवरून होणाऱ्या खुणांकडे दोघांनीही जाणूनबुजून पाहिले नाही, हे पुढे त्यांनीच हसत हसत अनेकदा सांगितले आहे. अखेर उपाहाराच्या वेळी दूरध्वनीवरून आचरेकरांचा शब्द आला आणि डाव थांबला. तेव्हा कांबळी नाबाद ३४९ वर होता. एकच धाव हवी होती. ती मागूनही मिळाली नाही. सचिन ३२६ वर नाबाद राहिला. त्या एका धावेविना कोणाचे काही अडले नाही. उलट दोन होतकरू मुलांना गुरूने ‘पुरे’ कसे म्हणावे, हे ऐन यशाच्या क्षणी शिकवले. तो धडा अपयशाच्या दिवशी शिकवता येत नाही.

थांबवण्याचे काम वेळेवर झाले नाही, तर नंतरची दिलगिरीही किती अवघड होते, याचे उदाहरण अमेरिकेतील डॅलस शहरात जानेवारी २००९ मध्ये घडले. मुलींच्या बास्केटबॉल सामन्यात कव्हेनंट शाळेने डॅलस अकॅडमीला १०० विरुद्ध ० गुणांनी हरवले. डॅलस अकॅडमी ही शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठीची छोटी शाळा होती. मध्यंतरालाच गुणफलक ५९ विरुद्ध ० असा होता. कव्हेनंट शाळेने पुढे जाहीर माफी मागितली आणि तो विजय सोडून देण्याची तयारी दर्शवली. प्रशिक्षकास ते पटले नाही. मुली प्रामाणिकपणे खेळल्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मुली प्रामाणिकपणे खेळल्या, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु मुलींचा प्रामाणिकपणा आणि प्रशिक्षकाचे कर्तव्य या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. एकीची जमा दुसरीच्या खात्यावर दाखवता येत नाही.

जैन विचाराला हा विवेक नवा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरती हे एक गुणव्रत आहे. गृहस्थाला संसार करावा लागतो, व्यापार करावा लागतो, त्यात काही हिंसा अटळपणे घडते. तिला प्रयोजन असते. ज्या पीडेला कोणतेही प्रयोजन नाही, ती अनर्थदंड होय आणि तिचा त्याग गृहस्थालाही शक्य आहे, अशी या व्रतामागील भूमिका आहे. त्याच्या प्रकारांत अपध्यान प्रथम सांगितले जाते. दुसऱ्याचा पराभव कसा होईल, त्याची हानी कशी होईल, याचे मनात चिंतन करत बसणे म्हणजे अपध्यान. सामना जिंकण्यासाठी केलेली धाव सप्रयोजन आहे. सामना जिंकल्यानंतर केवळ समोरच्याची फजिती लांबवण्यासाठी केलेली धाव कोणत्या खात्यात टाकायची, हे श्रावकाला वेगळे सांगावे लागू नये.

भरत आणि बाहुबली यांची कथा तर प्रत्येक जैन घरात मुले ऐकतात. दोघांच्या सेना समोरासमोर उभ्या ठाकल्या, तेव्हा निरपराध सैनिकांचा संहार टळावा म्हणून दोन भावांनीच बळाची परीक्षा करावी, असे ठरले. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन लढती येतात. श्वेतांबर परंपरेत लढतींची संख्या व स्वरूप थोडे वेगळे आहे. बाहुबली सर्व लढतींत सरस ठरला. मल्लयुद्धात त्याने भरताला वर उचलले. आता आपटायचे एवढेच बाकी होते. परंतु थोरल्या भावाला भूमीवर न आपटता त्याने खांद्यावर धरले, असे आदिपुराण सांगते. श्वेतांबर कथेत उगारलेली मूठ भावावर न पडता स्वतःच्या केशलोचाकडे वळते. दोन्ही परंपरांचा गाभा एकच आहे. बाहुबलीने लढत सोडून दिली नाही, दुर्बळपणाचे सोंग आणले नाही आणि भावाला खोटा विजयही बहाल केला नाही. तो पूर्ण ताकदीने जिंकला आणि जिंकल्यानंतर हात आवरला. वेरूळच्या जैन लेण्यांत वेलींनी वेढलेला जो बाहुबली दिसतो, तो पराभूत योद्धा नव्हे. तो हात आवरलेला विजेता आहे.

व्यापारी घरांना ही शिकवण मैदानापेक्षा पेढीवर अधिक वेळा उपयोगी पडते. आडत बाजारात स्पर्धा असतेच आणि ती असावीही. उत्तम माल, चोख वजन, वेळेवर रक्कम यांच्या बळावर कोणी पुढे गेला, तर त्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. परंतु समोरच्या छोट्या दुकानाने आधीच माघार घेतली असताना, केवळ त्याचे शटर कायमचे खाली यावे म्हणून तोट्यात माल विकणारेही असतात. बुडालेल्या ऋणकोकडून मुद्दल आणि वाजवी व्याज हाती आल्यानंतर, व्याजावरील व्याजासाठी त्याला चारचौघांत उभे करणारेही असतात. कायदा त्यांच्या बाजूने असतो, जसा नियम बंट करणाऱ्याच्या बाजूने असतो. जुन्या पेढ्यांवर मात्र हिशेब मिटवताना काही रक्कम ‘सोडून दिली’ असे लिहिण्याची रीत होती. त्या सोडलेल्या रकमेतून गिऱ्हाईक पिढ्यान्पिढ्या टिकत असे. बाजार हा एका दिवसाचा सामना नसतो. ज्याला आज हरवले, त्याच्याशीच उद्या सौदा करावयाचा असतो.

लातूर आणि नांदेड ही शहरे आज गुणांच्या स्पर्धेसाठी राज्यभर ओळखली जातात. दूरदूरच्या गावांतून मुले येथे शिकवणीसाठी येतात आणि प्रत्येक चाचणीनंतर आपला क्रमांक शोधतात. पुढे असणे म्हणजे काय, हे या मुलांना लहानपणीच कळते; पुढे असताना कसे वागावे, हे त्यांना कोणत्याही शिकवणीत सांगितले जात नाही. ते सांगण्याचे ठिकाण घर आहे आणि मैदान आहे. पहिल्या आलेल्या मुलाने मागे पडलेल्याला आपली वही देणे, हे त्या शिक्षणाचे छोटे परंतु खरे मोजमाप आहे.

महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने अनेक गावांत समाजाची युवक मंडळे बॉक्स क्रिकेटचे सामने भरवतात. आईवडील, आजी-आजोबा सारेच पाहावयास येतात. चषक, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार यांची चोख व्यवस्था ठेवली जाते. लहान गटाच्या सामन्यांसाठी मंडळांनी त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी: आघाडी किती झाली म्हणजे सामना थांबवायचा. हा आकडा सामन्यापूर्वी दोन्ही संघांना सांगितलेला असावा, म्हणजे थांबवताना कोणाचा अपमान होणार नाही. राहिलेल्या वेळात दोन्ही संघांची मुले मिसळून नवे संघ करावेत आणि बाकावर बसलेल्यांना प्रथम खेळवावे. पुढे असलेल्या संघातील नवख्या मुलाला खेळण्याची संधी मिळाली, तर त्याने मनापासून फटका मारावा. त्याला कोणी चुकायला सांगू नये. समोरच्या मुलाच्या हातून झेल सुटला, तर टाळ्या वाजवू नयेत, ही सूचना मात्र मुलांऐवजी प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना करावी लागेल. ध्वनिक्षेपकावरून ती सामना सुरू होण्यापूर्वीच केलेली बरी.